रँक कॅम्पसची, वर्ग आपला
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘मुलांचं करिअर’ असा विषय दिला होता. तो इतका मोठा आहे की त्यावर बोलणारा माणूस शेवटी काहीच बोलत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यातला एक तुकडा उचलला आहे. आपल्या ग्रुपवर गणपतीच्या आसपास एक यादी फिरत होती, ‘भारतातील टॉप १० ऑनलाइन विद्यापीठे’. ती कुणी टाकली ते सांगत नाही, तो समोरच बसलाय आणि आत्ता हसतोय. त्या यादीनंतर मला आठवडाभरात पाच फोन आले. मी हिंजवडीत एचआरमध्ये काम करते, म्हणून मला कळत असेल असा तुमचा समज. त्यातले दोन फोन मुलांसाठी होते. तीन फोन मात्र आपल्याच वर्गातल्यांचे, स्वतःसाठी होते. वय ४६. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली, कारण पाचही जणांनी पहिला प्रश्न एकच विचारला, ‘यातलं एक नंबरचं घेऊ ना?’

नंबरांचं आपल्याला जुनं आकर्षण. आपल्या वेळी बोर्डाची गुणवत्ता यादी पेपरात छापून यायची. पहिल्या आलेल्या मुलाला आई पेढा भरवतेय, तो फोटो. आपल्या शाळेचं त्यात कधी कुणी नसायचं. नांदे-चांद्याहून चालत येणारी मुलं, पावसाळ्यात वह्या प्लास्टिकच्या पिशवीत. तेव्हा कुणी शाळांची यादी काढली असती तर आपण किती खाली असतो, याची कल्पनाच करा. पण आपल्या गणिताच्या सरांनी दहावीच्या वर्षी सकाळी सात वाजता, एक पैसा न घेता, भूमितीचे जादा तास घेतले. बालेवाडीचं स्टेडियम आपण नववीत असताना, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि तिकडे पळायला निघालेल्या पोरांना सर अर्ध्या वाटेवरून परत आणायचे. हे कुठल्या यादीत, कुठल्या रकान्यात मोजलं असतं? सर, तुम्ही हात हलवून नको नको म्हणताय, पण मी हे मुद्द्यासाठीच सांगतेय.

आता मुद्द्यावर येते. आपल्या देशात सरकारची जी यादी आहे तिला एनआयआरएफ म्हणतात. ती २०१६ पासून निघते. विद्यापीठांना त्यात गुण देताना शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थी मुदतीत पास होण्याला आणि पीएच.डी. मिळवण्याला २० टक्के, मुली, बाहेरच्या राज्यांतले, मागास घटकांतले विद्यार्थी किती याला १० टक्के, आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के असं वजन असतं. आकडे बहुतांशी संस्थाच भरून देतात. परदेशी यादी बघाल, तर क्यूएसच्या यादीत आजही ३० टक्के वजन जगभरातल्या प्राध्यापकांना ‘तुमच्या मते चांगलं विद्यापीठ कोणतं’ असं विचारून जे मत मिळतं त्याला आहे. काही वर्षांपूर्वी ते ४० टक्के होतं.

यात वाईट काही नाही. ज्याला पीएच.डी. करायची आहे, प्रयोगशाळेत बसायचं आहे, वसतिगृहात राहून चार वर्षं काढायची आहेत, त्याला हे आकडे कामाचे आहेत. पण रात्री नऊ वाजता, भांडी आवरून, मुलीच्या लॅपटॉपवर बसणाऱ्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर यातल्या कुठल्या रकान्यात आहे? ऑनलाइन वर्गात एका शिक्षकामागे तीस जण आहेत की तीन हजार, हे त्या रँकमधून कळत नाही. संशोधन करणारे नामवंत प्राध्यापक त्या वर्गाला शिकवतात, की तासाच्या बोलीवर घेतलेलं कुणी, तेही कळत नाही. नोकरीचं म्हणाल, तर विद्यापीठांच्या यादीतल्या त्या २० टक्क्यांत नोकरी किती जणांना लागली हे मोजलेलंच नाही. हे ऐकून आपले एक मित्र फोनवर दोन मिनिटं गप्प झाले होते.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २०२० ला ९ वं होतं. २०२२ ला १२ वं, २०२३ ला १९ वं, २०२४ ला २३ वं, आणि सप्टेंबर २०२५ ला जी यादी आली तिच्यात ५६ वं. पेपरांनी मथळे केले, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांवर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रिकाम्या जागा ही खरीच दुखरी गोष्ट आहे. पण एक सांगा, २०२४ च्या उन्हाळ्यात ज्याने तिथे पदवीला नाव घातलं, त्याची पुस्तकं, त्याचे पेपर, त्याच्या पदवीची किंमत एका वर्षात ३३ पायऱ्या खाली गेली का? आणि २०२० मध्ये ज्याने ‘देशात नववं’ म्हणून नाव घातलं, त्याला त्या नववेपणातलं काय मिळालं?

जाहिरातवाले या गोंधळाचा बरोबर फायदा घेतात. एखाद्या संस्थेला फार्मसीच्या यादीत चांगला नंबर असतो, आणि तो नंबर मोठ्या अक्षरांत ऑनलाइन एमबीएच्या जाहिरातीवर येतो. खाली बारीक अक्षरांत ‘फार्मसी’ असं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. आपल्या गावाचं बघा ना. कुरिअरवाला महाळुंगे म्हटलं की चाकणजवळच्या महाळुंगे इंगळ्याला जातो, आणि आपलं पार्सल तिथून फिरून येतं. नाव एकच, गाव दुसरं. रँकचंही तसंच होतं. यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते, त्यात तर नावासारखी नावं हाच सगळा खेळ आहे.

तुम्हाला वाटेल हे आपल्याकडेच. फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाचं फॉक्स स्कूल ऑफ बिझनेस म्हणून आहे. त्यांचा ऑनलाइन एमबीए तिथल्या यू. एस. न्यूज या प्रसिद्ध यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं पहिला होता. नुसत्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचीच यादी, म्हणजे आपल्याला हवी तशी. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की नव्याने आलेल्या २५५ च्या २५५ विद्यार्थ्यांनी जीमॅट परीक्षा दिली असं त्यांनी कळवलं होतं. प्रत्यक्षात दिली होती ५० जणांनी. जुलैत डीन मोशे पोरात यांना काढलं, नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं, आणि मार्च २०२२ ला १४ महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला. डीन तुरुंगात जाण्याचं मला आश्चर्य नाही वाटलं. मला वाटलं ते याचं, की त्या चार वर्षांत जे लोक ‘एक नंबर’ म्हणून तिथे गेले, त्यांना वर्गात बसून ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. वर्ग जसा होता तसाच होता. यादीत पहिला असतानाही तोच, आणि यादीतून काढल्यावरही तोच.

आता माझं. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही, त्यामुळे आज पहिल्यांदाच ऐकाल. २०२१ मध्ये, लॉकडाऊनमध्ये, मी ऑनलाइन एमबीएला नाव घातलं होतं. पुढच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी लागणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी दोन रात्री बसून याद्या काढल्या आणि त्यातलं मला परवडणारं सगळ्यात वरचं नाव उचललं. संस्था खोटी नव्हती, मान्यता होती, सगळं कायदेशीर. ‘काउन्सेलर’ म्हणवणाऱ्या मुलीने सांगितलं, मॅडम, आज रात्री बारापर्यंत फी सवलत आहे. मी भरली. म्हणजे मी नाही भरली, एका फायनान्स कंपनीने भरली, आणि माझ्या नावावर बिनव्याजी हप्ता सुरू झाला.

थेट तास आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसहाला. साडेसहाला मी कुठे असते हे इथे सगळ्यांना माहीत आहे, कारण तुम्हीही तिथेच असता, त्याच सिग्नलला. मग रेकॉर्डिंग बघायचं. रेकॉर्डिंगमधले प्राध्यापक चांगले होते, पण ते माझ्याशी बोलत नव्हते, दोन वर्षांपूर्वीच्या कुणाशी तरी बोलत होते. शंका विचारली की तिकीट नंबर यायचा. शंकेला तिकीट! स्टॅटिस्टिक्समध्ये मी अडकले. तीन तिकिटं काढली, तिसऱ्याला उत्तर आलं की कृपया मोड्यूल चार पुन्हा पाहावे. दुसऱ्या सहामाहीत मी सोडून दिलं. हप्ते मात्र सोडता आले नाहीत, कारण कर्ज कंपनीचं होतं आणि सही माझी होती. ते अजून १४ महिने चालले. दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेचा मेसेज यायचा आणि मी तो नवऱ्याने बघायच्या आत पुसून टाकायचे. नंतर त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

दुसऱ्यांदा घेतलं ते असं, की ज्याचं नाव कुठल्याच टॉप टेनमध्ये नाही. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही सगळे तेच घ्याल, आणि तुमचं काम माझ्यापेक्षा वेगळं आहे. एवढंच सांगते की त्यांचे थेट तास रविवारी सकाळी होते, एका तुकडीत साठ जण होते, आणि नाव घालण्याआधी मी त्यांच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलले. त्यातल्या एकीने सांगितलं, ‘अकाउंट्सचे सर उत्तम आहेत, पण मार्केटिंग स्वतःलाच वाचावं लागतं.’ अशी अर्धी तक्रार ऐकली की मला माणूस खरं बोलतोय असं वाटतं. यंदा मार्चमध्ये माझं एमबीए झालं.

ऑफिसने काय बघितलं? आमच्याकडे कागदपत्रं तपासणारी एजन्सी असते, तिचा अहवाल माझ्याच टेबलावरून जातो. त्यात पदवी खरी आहे का, विद्यापीठाला मान्यता आहे का, कोणत्या वर्षी मिळाली, एवढंच असतं. रँकचा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही. पण अर्धंच सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. बाविशीचा मुलगा पहिल्या नोकरीसाठी अर्ज करतो आणि समोर चारशे अर्ज असतात, तेव्हा नाव बघितलं जातं. आम्हीही बघतो. अनुभव नसतो तेव्हा नाव बोलतं. आपल्या वयाला अनुभव बोलतो, आणि पदवी फक्त दार उघडायला लागते. म्हणजे मुलासाठी घेताना आणि स्वतःसाठी घेताना रँकला सारखं वजन देऊ नका.

नाव आणि वर्ग दोन्ही चांगले, असंही कधी कधी जमतं. आयआयटी मद्रासने जून २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. एनआयआरएफच्या एकूण यादीत ती संस्था २०१९ पासून पहिली आहे. पण मी आपल्या एका मित्राच्या मुलीला तो सुचवला तो त्या पहिल्या नंबरामुळे नाही. तिथे जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, परीक्षा केंद्रावर जाऊन समोरासमोर होतात, आणि मध्येच थांबावं लागलं तर त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हातात राहतं. हे त्या अभ्यासक्रमाचे गुण आहेत. मात्र ती पदवी बी.एस. आहे, बी.टेक. नाही. लग्नाच्या बायोडाटात ‘आयआयटीयन’ लिहायची घाई करू नका.

बी.टेक.वरून आठवलं. चाकणला डिप्लोमावर लागलेल्या मुलासाठी ऑनलाइन बी.टेक. विचारणाऱ्यांना मी फोनवर सांगितलं, तेच इथे सांगते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर या पदव्या ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने द्यायला यूजीसीची मनाई आहे. कुणी देतो म्हणाला, तर त्याची रँक कितीही असो, फोन ठेवून द्या.

रँकचा कायद्यातला उपयोग मात्र एका जागी आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२० च्या यूजीसीच्या नियमावलीप्रमाणे नेहमीच्या विद्यापीठाला ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचा असेल, तर त्याला नॅकचे ४ पैकी किमान ३.०१ गुण हवेत, किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात नाव हवं. म्हणजे चाळणी सरकारने आधीच लावलेली आहे. चाळणीतून खाली आलेल्या पिठात पुन्हा कण मोजत बसायचं कशाला? त्याऐवजी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा आणि बघा की हेच विद्यापीठ, हाच अभ्यासक्रम, याच पद्धतीने, याच सत्रात मंजूर आहे का. चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. गेल्या वर्षी मंजूर होता म्हणून यंदा असेलच असं नाही, मोठमोठ्या नावांचीही परवानगी मध्येच थांबते. मंजूर असेल, तर ती पदवी कॉलेजात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलेलं आहे.

आणखी एक फोन राहिला. आपल्या वर्गातली एक मैत्रीण आहे. बारावीला तिला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, बाई तुम्हाला आठवत असेल. एफ.वाय.ला असताना लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. आता मुलगी नोकरीला लागली, सासूबाई गेल्या, आणि तिला बी.ए. पूर्ण करायचंय. त्या टॉप टेन यादीतल्या तिसऱ्या नंबरची फी ऐकून तिने पाटल्या मोडायचं मनात आणलं होतं. मी विचारलं, तू नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार केलास का? तर म्हणाली, ‘ते यादीत नाही.’

खरंय, नाही. एनआयआरएफने मुक्त विद्यापीठांची वेगळी यादी २०२४ मध्ये पहिल्यांदा काढली, तिच्यात वरची तीनच नावं होती. इग्नू, मग कोलकात्याचं नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठ आणि अहमदाबादचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ. आपलं नव्हतं. पण १९८९ मध्ये डॉ. राम ताकवले यांनी पहिले कुलगुरू म्हणून हे विद्यापीठ उभं केलं ते अशाच बाईसाठी. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद काही शोभेसाठी नाही. पुस्तकं मराठीत मिळतात, अभ्यासकेंद्रं जिल्ह्या-तालुक्यांत आहेत, आणि इथल्या पदवीवर लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते. अडचणी नाहीत असं नाही. निकालाला वेळ लागल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत, आणि केंद्राकेंद्रात फरक असतो. एक केंद्र जागं, दुसरं कुलपात. म्हणून तिला सांगितलं, विद्यापीठ निवडायच्या आधी केंद्र बघून ये. रविवारी जा, वर्ग भरतो का बघ, शिकवणाऱ्यांना भेट. ती दोन केंद्रं बघून आली. एका ठिकाणी चौकीदाराखेरीज कुणी नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एक मॅडम अकरा बायकांना आणि एका रिक्षावाल्या काकांना इतिहास शिकवत होत्या, आणि ही मागच्या बाकावर जाऊन बसली. दोन तास बसली. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज आपल्या आठवीच्या सहलीत होता तसा होता.

तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या ज्या कुणी हात वर न करता बसल्या आहेत त्यांच्यासाठी एक कामाची सूचना. २०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला नाव घालताना डीईबी-आयडी काढावा लागतो. तो एबीसी आयडीवरून निघतो आणि एबीसी आधारवरून. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. तिथे गाडी अडते. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं आणि त्यात दिवस जातात. मी जेवणानंतर त्या डावीकडच्या खोलीत, जिथे आपली सातवी ब भरायची, लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांनी गुणपत्रिका आणि आधार आणलं असेल त्यांनी या, डीईबीचं पान उघडून तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव एकत्रच शोधू. चष्मे घेऊन या, अक्षर बारीक आहे.